घरच्या घरी कुरकुरीत मसाला कारले चिप्स: कडूपणा किती काढावा, कुरकुरीतपणा कसा टिकवावा?

कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाबद्दल वापरतो. स्वयंपाकघरात मात्र ती अर्धीच खरी आहे. कारल्याचा कडूपणा बराच कमी करता येतो, आणि त्यासाठी तूपही लागत नाही की साखरही. चमचाभर मीठ आणि अर्धा तास पुरतो.

कारल्याचे चिप्स बिघडतात ते बहुतेक वेळा कडूपणामुळे नाही, तर पाण्यामुळे. कढईतून काढताना छान दिसणारे चिप्स दहा मिनिटांत मऊ पडतात, चामट होतात, तेलकट लागतात. मग सगळा दोष कारल्याला मिळतो. या लेखात कारल्यातले पाणी कधी आणि कसे काढायचे, मसाला कधी लावायचा, तेल किती तापवायचे, चिप्स किती दिवस टिकतात आणि मधुमेह असलेल्यांनी काय लक्षात ठेवायचे, हे सगळे सविस्तर पाहू. उदाहरण जालना जिल्ह्याचे घेतले आहे, कारण तिथले कोरडे ऊन या पदार्थाचे अर्धे काम फुकटात करून देते.

थोडक्यात महत्त्वाचे

- कोवळी, गडद हिरवी, लहान बियांची कारली घ्या.
- चकत्या साधारण २ मिलिमीटर जाडीच्या आणि सगळ्या सारख्या हव्यात.
- मीठ लावून ३० मिनिटे ठेवा, घट्ट पिळा आणि मग वाळवा. वाळवण्याची पायरी सोडू नका.
- पीठ तळण्याच्या अगदी आधी लावा. पाणी घालू नका.
- मध्यम आचेवर तळा. बुडबुडे थांबत आले की काढा.
- पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

जालना आणि कारल्याच्या काचऱ्या

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी हे त्याचे आठ तालुके. मराठवाड्याच्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. त्या उन्हाचा उपयोग घरोघरी वाळवणासाठी होतो. गच्चीवर, अंगणात कुरडया, पापड, सांडगे, शेवया वाळत घातलेल्या दिसतात. त्याच वाळवणात भाज्याही असतात. गवार, भेंडी, कारली यांच्या चकत्या मीठ लावून कडकडीत वाळवायच्या, डब्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात चिमूटभर तिखट टाकून तळायच्या. अशा पातळ चकत्यांना काचऱ्या म्हणतात.

म्हणजे आज मोबाइलवर ‘कारले चिप्स’ म्हणून जे दिसते, ते आपल्याकडे नवे नाही. आजी ज्याला काचऱ्या म्हणत होती त्यालाच आपण बेसन, आमचूर आणि एअर फ्रायरची जोड दिली आहे. फरक एवढाच की काचरी दोन-तीन दिवस उन्हात राहायची आणि आपल्याला चिप्स तासाभरात हवे असतात. त्या घाईत सुटते ती वाळवण्याचीच पायरी.

जालन्याची आणखी एक ओळख इथे उपयोगी पडते. हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात अनेक शेतकरी भाजीपाल्याचे बीजोत्पादन करतात. बियाण्यासाठी ठेवलेली कारली वेलावरच पिकू देतात. ती पिवळी-केशरी होतात आणि आतल्या बियांवर लाल गर येतो. चिप्ससाठी अशी पिकलेली कारली चालत नाहीत. ती मऊ असतात, चकती धड निघत नाही आणि तळल्यावर चामट लागतात. शिवाय पाकिटातून आलेल्या बियाण्याला औषध लावलेले असते. ते रंगीत बी पेरणीसाठीच असते, खाण्यात कधीही येऊ देऊ नये.

कारली कशी निवडावीत?

बाजारात साधारण दोन प्रकारची कारली मिळतात: लांब आणि आखूड. लांब कारल्याच्या चकत्या गोल, एकसारख्या निघतात, म्हणून चिप्ससाठी ती सोयीची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘फुले ग्रीन गोल्ड’ आणि ‘हिरकणी’ या जाती गडद हिरव्या आहेत, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तारा’ ही जात आखूड आणि दोन्ही टोकांना निमुळती आहे. भाजीवाल्याकडे जातीचे नाव कळेलच असे नाही, म्हणून पुढील गोष्टी पाहा:

- कारले हाताला घट्ट लागावे, दाबल्यावर दबू नये.
- रंग सर्वत्र हिरवा असावा. पिवळी झाक आली असेल तर बी निबर झालेले असते.
- मध्ये फुगलेल्या कारल्यात बिया मोठ्या असतात. सरळ, सडपातळ कारली घ्या.
- देठ ताजा असावा.

वेलवर्गीय भाज्यांवर फवारणी होते. म्हणून कारली चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. खाचांमध्ये माती अडकते, त्यासाठी मऊ ब्रश वापरला तरी चालेल. धुऊन झाल्यावर कोरडी पुसा.

साहित्य

पाव किलो कारल्यांसाठी:

- कारली: २५० ग्रॅम (मध्यम आकाराची ३ ते ४)
- मीठ: १ सपाट चहाचा चमचा
- हळद: पाव चमचा
- बेसन: २ मोठे चमचे
- तांदळाचे पीठ: १ मोठा चमचा (नसेल तर ज्वारीचे पीठ)
- लाल तिखट: १ चहाचा चमचा
- धने-जिरे पूड: १ चहाचा चमचा
- ओवा: पाव चमचा, हातावर चोळून
- हिंग: चिमूटभर
- आमचूर: १ चहाचा चमचा
- काळा मसाला: अर्धा चमचा, वरून टाकण्यासाठी
- तळण्यासाठी तेल

मराठवाड्यात ज्वारीचे पीठ प्रत्येक घरी असते. त्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे आवरण खुसखुशीत होते. मैदा किंवा कणीक मात्र घालू नका, चिप्स चिवट होतात.

कृती

१. चकत्या करा. कारल्याची दोन्ही टोके काढा. वरच्या खडबडीत सालीवरून सुरी हलकेच फिरवा, पण सगळी साल काढू नका. तिच्यामुळेच चिप्सला धार येते. खरवडलेली साल टाकू नका, थालीपिठाच्या पिठात ती छान लागते. आता चिप्सच्या किसणीवर किंवा धारदार सुरीने साधारण २ मिलिमीटरच्या गोल चकत्या करा. कोवळ्या बिया राहू द्या, कडक बिया काढा. जाड-बारीक चकत्या एकत्र तळल्या तर बारीक जळतात आणि जाड कच्च्या राहतात.

२. मीठ आणि हळद लावा. चकत्या परातीत घेऊन मीठ-हळद चोळा आणि ३० मिनिटे झाकून ठेवा. परात थोडी तिरकी ठेवली तर सुटलेले पाणी एका बाजूला जमा होते.

३. पिळा. मूठभर चकत्या घेऊन दोन्ही तळहातांत घट्ट दाबा. हिरवट पाणी निघेल. एक चकती चाखून पाहा. फार खारट किंवा फार कडू वाटली तर एकदाच साध्या पाण्यातून काढून पुन्हा पिळा.

४. वाळवा. स्वच्छ सुती कापडावर चकत्या एकेरी पसरा. उन्हाळ्यात गच्चीवर अर्धा-पाऊण तास पुरतो. वरून पातळ कापड झाका. हिवाळ्यात दीड-दोन तास लागतात. पावसाळ्यात पंख्याखाली तास-दोन तास ठेवा. चकती हाताला ओलसर न लागता किंचित सुकलेली, कडेने मुरडलेली वाटली पाहिजे.

५. पीठ लावा. बेसन, तांदळाचे पीठ, तिखट, धने-जिरे पूड, ओवा आणि हिंग कोरडेच एकत्र करा. कढईत तेल तापत ठेवल्यावरच हे मिश्रण चकत्यांना चोळा. पाणी घालायचे नाही. चकत्यांमध्ये जेवढा ओलावा उरला आहे, तेवढ्यावर पीठ चिकटते. मीठ पुन्हा घालू नका, ते आधीच मुरलेले आहे. जास्तीचे पीठ चाळणीत झटकून टाका, नाहीतर ते तेलात गळून जळते.

६. तळा. तेल मध्यम तापवा. एक चकती टाकून पाहा. ती आधी खाली जाऊन बुडबुड्यांसह सावकाश वर आली तर तेल योग्य आहे. टाकताच वर उसळली आणि लगेच लाल झाली तर तेल फार तापले आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर १६० ते १७० अंश सेल्सिअस ठेवा. कढईत एका वेळी एकच थर मावेल एवढ्या चकत्या टाका. अधूनमधून झाऱ्याने हलवत चार ते सहा मिनिटे तळा.

७. काढा आणि मसाला टाका. बुडबुडे जवळपास थांबले आणि झाऱ्याला चकत्या खळखळ वाजू लागल्या की लगेच काढा. चाळणीत किंवा जाळीवर पसरा. गरम असतानाच आमचूर आणि काळा मसाला भुरभुरवा. काळा मसाला आधीच खमंग भाजलेला असतो. तो पिठात घालून तळला तर जळतो आणि कारल्याच्या कडूपणात जळकट कडूपणाची भर पडते.

असे केल्याने नेमके काय होते?

कारल्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. मीठ लावले की चकतीच्या बाहेर मिठाचे प्रमाण वाढते आणि पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. त्या पाण्याबरोबर कडू द्रव्यांचा काही भागही निघून जातो. मोमॉर्डिसिन आणि त्याच गटातली इतर द्रव्ये हा कडूपणा देतात. सगळी द्रव्ये निघत नाहीत आणि निघूही नयेत. पूर्ण कडूपणा गेलेले कारले म्हणजे नुसता हिरवा चोथा. आमचूराचा आंबटपणा, मीठ आणि तिखट यांच्या जोडीला थोडा कडूपणा राहिला तरच चव खुलते.

तेलात टाकल्यावर चकतीतले उरलेले पाणी १०० अंशांना वाफ होऊन बाहेर पडते. आपल्याला दिसणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. पाणी जास्त असेल तर वाफ जास्त, तेल थंड पडते आणि चकती तळली जाण्याऐवजी शिजते. म्हणून पिळणे आणि वाळवणे या दोन पायऱ्यांवर कुरकुरीतपणा ठरतो, पिठावर नाही.

तेलाबद्दलही एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बाहेर पडणारी वाफ तळताना तेलाला आत शिरू देत नाही. चिप्स काढल्यावर ते गार होऊ लागतात, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. त्यामुळे चिप्स काढताच तेल निथळू देणे महत्त्वाचे. ढीग करून ताटात ठेवले तर खालचे चिप्स तेल पितात आणि वरच्यांच्या वाफेने मऊही पडतात.

तळायचे नसतील तर?

एअर फ्रायर: पीठ लावलेल्या चकत्यांवर दोन चहाचे चमचे तेल चोळा. १६० अंशांवर एकेरी थरात १२ ते १५ मिनिटे ठेवा, मध्ये दोनदा हलवा. शेवटची तीन मिनिटे जवळून लक्ष ठेवा, कडा झटकन करपतात.

ओव्हन: १५० ते १६० अंशांवर २५ ते ३५ मिनिटे. अर्ध्या वेळेनंतर चकत्या उलटा. शेवटी ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवा, आतला ओलावा निघून जातो.

उन्हातली काचरी: मीठ लावून पिळलेल्या चकत्यांना पीठ न लावता दोन ते तीन दिवस कडक उन्हात वाळवा. सांडग्या मिरचीसाठी मिरच्या ताकात घालतात, तशा या चकत्या रात्रभर आंबट ताकात ठेवून वाळवल्या तर चव आणखी चांगली येते. संध्याकाळी त्या घरात आणा, नाहीतर रात्रीचा दमटपणा धरतात. मोडल्यावर ‘कट’ असा आवाज आला की झाल्या. हवाबंद डब्यात त्या पावसाळाभर टिकतात. तळताना अवघे १० ते १५ सेकंद लागतात, त्यामुळे तेल तापवून गॅस बारीक करा आणि थोड्या थोड्या टाका.

नेहमी होणाऱ्या चुका

- चिप्स मऊ पडले: चकत्या नीट वाळल्या नव्हत्या किंवा कढईत गर्दी झाली.
- बाहेरून लाल, आतून कच्चे: तेल फार तापले होते किंवा चकत्या जाड होत्या.
- पीठ सुटून तेलात पडले: पीठ लावून चकत्या बराच वेळ ठेवल्या. त्यांना पुन्हा पाणी सुटते.
- खूप खारट झाले: पिठात पुन्हा मीठ घातले, किंवा काळ्या मसाल्यात मीठ होते.
- फार कडू झाले: कारली जून होती, मीठ लावून पुरेसा वेळ ठेवली नाहीत किंवा मसाला जळला.

किती दिवस टिकतात?

चिप्स पूर्ण गार व्हायला किमान अर्धा तास द्या. कोमट असताना डबा बंद केला की झाकणाला वाफ धरते आणि सकाळी सगळे चिप्स सादळलेले असतात. कोरड्या हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस ते चांगले राहतात. पावसाळ्यात मात्र तीन-चार दिवसांतच संपवा. सादळले तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परता, पुन्हा कुरकुरीत होतात. तेलाला खवट वास येऊ लागला तर मात्र टाकून द्या.

तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-फोडणीला वापरून संपवा, पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नका. तळणीच्या तेलात तयार होणाऱ्या ‘पोलर’ घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल काळपट झाले, फेसाळले किंवा लवकर धूर करू लागले तर ते बदलण्याची वेळ झाली आहे.

मधुमेहात कारले चिप्स चालतात का?

कारले म्हणजे शुगरवरचा रामबाण उपाय, असे संदेश व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. म्हणून हा भाग नीट वाचा.

कारल्यातल्या काही घटकांचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो का, यावर बरेच संशोधन झाले आहे. पण २०१२ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात माणसांवरच्या चार चाचण्या तपासल्या गेल्या आणि टाइप २ मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. कारले ही चांगली भाजी आहे, पण गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

चिप्सचा प्रश्न तर आणखी वेगळा. ताज्या कारल्यात कॅलरी अगदी कमी असतात. तळल्यावर पाणी जाते आणि त्या जागी तेल येते. समजा १०० ग्रॅम चिप्समध्ये ३० ग्रॅम तेल राहिले. एका ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे नुसत्या तेलाच्याच २७० कॅलरी झाल्या. त्यावर बेसन आणि मीठ. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मिठाकडेही लक्ष द्यायला हवे. तेव्हा वरण-भातासोबत पाच-सहा चिप्स तोंडी लावायला ठीक, पण ‘औषध’ म्हणून वाटीभर खाणे चुकीचे.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारूनच कारले नियमित किंवा जास्त प्रमाणात खावे:

- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, कारण साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.
- गर्भवती महिला.
- जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेले. त्यांनी कारल्याच्या बिया टाळाव्यात.

डॉक्टरांनी सुरू केलेली औषधे कारले खातो म्हणून स्वतःहून कमी किंवा बंद करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कारले पाण्यात उकळून घेतले तर कडूपणा लवकर जाईल का?
जाईल, पण चकत्या मऊ होऊन पाणी धरतात. भाजीसाठी ते चालते, चिप्ससाठी नाही.

बेसन न लावता चिप्स होतात का?
होतात. नीट वाळवलेल्या चकत्या नुसत्याही कुरकुरीत होतात, फक्त त्या आकाराने लहान आणि चवीला जास्त कडू लागतात. लहान मुलांसाठी बेसन लावलेलेच बरे.

उपवासाला चालतील का?
बेसन, हिंग, हळद यांमुळे बहुतेक घरांत हे उपवासाला चालत नाहीत.

घरून विकायचे असतील तर?
विक्रीसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, मग व्यवसाय घरगुती असला तरी. पाकिटावर घटक, वजन, उत्पादनाची आणि वापराची शेवटची तारीख लिहा. ‘मधुमेह बरा करते’ असा दावा पाकिटावर छापू नका, अन्नपदार्थांवर असा दावा करता येत नाही. तांत्रिक मार्गदर्शनासाठी खरपुडी इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल.

शेवटी

पहिल्यांदा करताना पाव किलोच कारली घ्या. अर्ध्या चकत्या पिळून लगेच तळा आणि अर्ध्या तासभर वाळवून तळा. दोन्ही शेजारी ठेवून वीस मिनिटांनी खाऊन बघा. त्यानंतर वाळवायची पायरी सोडून द्यावी असे तुम्हाला पुन्हा वाटणार नाही. आणि येत्या एप्रिलमध्ये घरात कुरडयांचा घाट घातला जाईल, तेव्हा एका कोपऱ्यात कारल्याच्या काचऱ्याही वाळत घाला. जुलैतल्या पावसाळी संध्याकाळी खिचडीसोबत त्या डब्याची आठवण नक्की येईल.